विरळता (जुन्या वेगवान मोटारींची)

जुनी वेगवान मोटार संग्राह्य ठरण्यामागे तिचे मोजके उत्पादन हे एक कारण मानले जाते. परंतु नुसत्या विरळतेला बाजारात फारशी किंमत नसते. जर्मन पोर्शे कंपनीची ‘९११ कॅरेरा आर.एस. २.७’ (१९७२-७३; पुढे ‘आर.एस.’) हे याचे चांगले उदाहरण होय.

शर्यतीत उतरवायच्या गाडीच्या किमान ५०० प्रती तयार झाल्या पाहिजेत, या नियमापोटी ही गाडी निघाली व ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. तेवढ्याही खपतील का, अशी शंका कंपनीच्या विक्री विभागालाच होती. प्रत्यक्षात त्या हातोहात गेल्या आणि उत्पादन वाढवावे लागले. एकूण आकड्याबद्दल एकमत नाही. बहुतेक ठिकाणी १,५८० दिला जातो : टूरिंग (नेहमीच्या वापराची) १,३०८, स्पोर्ट (हलकी केलेली) २००, शर्यतीच्या आर.एस.आर. ५५ आणि वजनाच्या मान्यतेसाठी आरंभी केलेल्या १७. काही ठिकाणी १,५२५ आढळतो. तो बहुधा ५५ आर.एस.आर. वगळून आलेला असावा. फोड जुळते, म्हणून पहिला आकडा अधिक ग्राह्य वाटतो.

१९७४-७५ च्या युरोपीय कॅरेरा २.७ मध्येही हेच ९११/८३ इंजिन होते (२,६८७ घ.सेंमी., २१० अश्वशक्ती, बॉशचा यांत्रिक इंधन-इंजेक्शन पंप). तिच्या कूपे (पक्क्या छपराच्या) गाड्याही सुमारे सोळाशेच. तरी तिला सहसा आर.एस.च्या निम्म्याहूनही कमी किंमत येते. आर.एस.चा पातळ पत्रा, पातळ काचा व बदकाच्या शेपटीसारखे मागचे झाकण तिच्यात एकत्र मिळत नाही, स्पोर्ट आर.एस.चे वजन सुमारे ९६० किग्रॅ., टूरिंगचे १,०७५. शिवाय १९७३ मध्ये डेटोना २४ तास व टार्गा फ्लोरिओ या शर्यती आर.एस.आर.ने जिंकल्या, त्याचा मान मूळ गाडीकडेच जातो. याउलट पोर्शेच्याच सहा सिलिंडरच्या ९१४/६ गाड्या सुमारे ३,३०० च निघाल्या. पण ही विरळता गाडी महाग पडून न खपल्याने आलेली.

किंमत चढली की नकलाही निघतात. साध्या ९११ ला शेपटी व पट्टे लावून ‘आर.एस.’ केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. अस्सल गाडीचा चॅसी (सांगाडा) क्रमांक ९११३६० ने आणि इंजिन क्रमांक ६६३ ने सुरू होतो. पहिला पुढच्या सामानकप्प्यात गालिच्याखाली, दुसरा इंजिनाच्या पंख्याच्या उजवीकडे क्रँककेसवर (इंजिनाच्या मुख्य कवचावर) ठोकलेला असतो. अंकांची खोली कमी-जास्त असणे, खाली घासल्याच्या रेघा, क्रमांकाच्या पत्र्याभोवती वेल्डिंग, ही पुन्हा ठोकल्याची लक्षणे. दोन्ही क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी पडताळावे लागतात. आपसांत ते ‘जुळत’ नसतातच, हे नवखे ग्राहक विसरतात.

सर्वांत मोठा धोका क्रँककेसचा. ती मॅग्नेशियमची असते. तापून-निवून सिलिंडर-हेडच्या बोल्टांचे आटे जातात, हेड सैल पडते आणि तेल व वायू गळू लागतात. इंजिन उघडलेच तर २४ च्या २४ भोकांत पोलादी आट्यांचे बुश बसवून घेणे इष्ट. क्रँककेसच बदलली तर ६६३ चा क्रमांक तिच्याबरोबर जातो. म्हणून तडा गेलेली मूळ क्रँककेसही भंगारात न देता गाडीसोबत ठेवतात व विक्रीत तीही पुढच्या मालकाकडे सोपवतात.