पार्श्वभूमी: टाय कॉबच्या नावावरचा ४,१९१ हिट्सचा आकडा आणि बेसबॉलच्या नोंदवह्या

स्टॅन म्युझियलच्या ३,६३० हिट्सपैकी १,८१५ घरच्या मैदानावरच्या आहेत आणि १,८१५ बाहेरच्या. फटका मारून फलंदाज सुरक्षितपणे बेसवर, म्हणजे मैदानावरच्या चारपैकी एका टप्प्यावर, पोचला की ती एक हिट. बावीस हंगाम, सगळे एकाच संघाकडून, सेंट लुईस कार्डिनल्सकडून, आणि अखेरीस दोन्ही पारडी अगदी समान. सप्टेंबर १९४१मधल्या पहिल्या सामन्यात त्याने दोन हिट्स मारल्या होत्या, सप्टेंबर १९६३मधल्या शेवटच्या सामन्यातही दोनच. बेसबॉलचे आकडे चाळणाऱ्या माणसाला पहिला धक्का बहुधा इथेच बसतो. तसा हा निव्वळ योगायोग आहे. नाणं ३,६३० वेळा उडवलं तर छापा-काटा बरोबर निम्मे-निम्मे पडण्याची शक्यता पंचाहत्तरात एक एवढी असते. दीडशे वर्षांत हजारो खेळाडू खेळून गेले, तेव्हा कुणाच्या तरी वाट्याला हे यायचंच होतं.

टेड विल्यम्स, विली मॅकोव्ही आणि फ्रँक थॉमस या तिघांचेही होम रन (एकाच फटक्यात चारही बेस) ५२१. एर्नी बँक्स आणि एडी मॅथ्यूज या दोघांचेही ५१२. बेब रूथ आणि हँक ॲरन या दोघांनीही कारकिर्दीत बरोबर २,१७४ धावा केल्या. यामागे कुणाचा हात नाही.

पण काही जुळण्या मैदानावर झालेल्या नाहीत, त्या कचेरीत झाल्या आहेत. ख्रिस्टी मॅथ्यूसनचे ३७२ विजय हा नॅशनल लीगमधला (दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, विक्रम समजला जाई. ग्रोव्हर क्लीव्हलँड अलेक्झांडरने १९२९मध्ये ३७३वा विजय मिळवला आणि विक्रम आपल्या नावावर झाला असं समजूनच तो निवृत्त झाला. १९४०च्या दशकात जुने कागद तपासताना मॅथ्यूसनचा एक हरवलेला विजय सापडला आणि तेव्हापासून दोघेही ३७३वर आहेत. दोघांपैकी कुणीही एक चेंडू जास्त टाकला नाही, तरी बरोबरी झाली.

या नोंदींचं मूळ १८६०च्या आसपासच्या न्यू यॉर्कमध्ये आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि आधी क्रिकेटचं वार्तांकन करणाऱ्या एका पत्रकाराने सामन्याचा तक्ता छापण्याची पद्धत बसवली. नियम अजून स्थिरावायचे होते. १८८७ या एकाच वर्षी वॉकसुद्धा (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) हिट म्हणून मोजला गेला. त्यामुळे टिप ओनील या फलंदाजाची त्या वर्षीची सरासरी (हिट्स भागिले फलंदाजीचे प्रयत्न) एका हिशेबाने ०.४९२ येते आणि दुसऱ्या हिशेबाने ०.४३५. त्या काळात याहून जास्त शिरायची गरज नाही, कारण खरा गुंता पुढच्या शतकात झाला.

१९१०च्या हंगामात सर्वोच्च सरासरीसाठी एका मोटार कंपनीने गाडी बक्षीस लावली होती. शर्यतीत अमेरिकन लीगमधले दोघेच उरले होते, डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाज्वा. कॉबने आघाडी जपण्यासाठी शेवटचे दोन सामने खेळायचंच टाळलं. शेवटच्या दिवशी सेंट लुईसमध्ये लाज्वाचे दोन सामने होते. यजमान संघाच्या व्यवस्थापकाने आपल्या नवख्या थर्ड बेसमनला (तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) मुद्दाम खूप मागे उभं केलं. लाज्वाने पहिला फटका जोरदार मारला, तीन बेस मिळवले, आणि मग दिवसभर त्या मोकळ्या जागेत बंट टाकत, म्हणजे बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच सोडत, राहिला. आठ प्रयत्नांत आठ हिट्स. त्या व्यवस्थापकाला आणि त्याच्या सहकाऱ्याला पुढे नोकरी गमवावी लागली. लीगने स्वतःचा हिशेब करून कॉबला विजेता ठरवलं, ०.३८५ विरुद्ध ०.३८४. गाडी मात्र दोघांनाही मिळाली.

लीगच्या कचेरीत तेव्हा प्रत्येक खेळाडूचं स्वतंत्र पान असे. रोज सामन्याचा कागद आला की कारकून त्या पानावर एक ओळ भरे: तारीख, किती प्रयत्न, किती हिट्स. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एका संशोधकाने ही पानं वर्तमानपत्रांतल्या तक्त्यांशी ओळीओळीने ताडून पाहिली. कॉबच्या १९१०च्या पानावर सप्टेंबरमधला एकच सामना दोनदा चढलेला आढळला. तीन प्रयत्न, दोन हिट्स. ही जादा ओळ काढली की त्या वर्षी लाज्वा पुढे जातो आणि कॉब मागे पडतो. इतर वर्षांतल्या बारीकसारीक चुकाही धरल्या तर कॉबच्या एकूण हिट्स ४,१९१ऐवजी ४,१८९ होतात.

१९८१मध्ये हे छापून आलं. खेळाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने आणि नोंदींच्या समितीने दुरुस्तीला नकार दिला. सत्तर वर्षं उलटली, आता मुदत टळली, असा एकूण सूर होता. यावर दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं आहे. निकाल ज्या काळातला त्याच काळाचा राहू द्यावा, नाहीतर रोज नवा विजेता जाहीर करावा लागेल, हा युक्तिवाद मी समजू शकतो. मला तो पटत नाही. पंचाचा निर्णय चुकीचा असला तरी तो खेळाचा भाग असतो, तो नंतर बदलू नये. कारकुनाने एक ओळ दोनदा लिहिली हा खेळाचा भाग नव्हे. त्या दोन हिट्स कुणी मारलेल्याच नाहीत. आणि लाज्वा १९५९मध्ये वारला, तोवर त्याला हे कळायचा मार्गच नव्हता.

शिवाय मुदतीचा नियम सगळ्यांना सारखा लावला गेला नाही. हॅक विल्सनच्या १९३०च्या विक्रमातला एक आरबीआय (फलंदाजाने आपल्या फटक्यावर संघाला मिळवून दिलेली धाव) दुसऱ्याच खेळाडूच्या नावावर लागला होता. १९९९मध्ये, म्हणजे एकोणसत्तर वर्षांनी, तो अधिकृतपणे दुरुस्त होऊन १९०चे १९१ झाले. सत्तरला नकार आणि एकोणसत्तरला होकार, यात तत्त्व कोणतं ते मला आजवर कळलेलं नाही.

१९८१च्या नकाराचा परिणाम चारच वर्षांत दिसला. पीट रोझ कॉबच्या सर्वाधिक हिट्सच्या विक्रमाच्या, ४,१९१च्या, दिशेने निघाला होता. तो सिनसिनाटीचा खेळाडू आणि व्यवस्थापक असं दोन्ही होता. रविवारी, ८ सप्टेंबर १९८५ला, शिकागोमध्ये तो खेळणारच नव्हता, कारण समोर डावखुरा पिचर येणार होता. पण तो डावखुरा सायकलवरून पडला आणि उजव्या हाताचा पिचर आला. रोझने स्वतःचं नाव यादीत घातलं आणि दोन हिट्स मारल्या, ४,१९०वी आणि ४,१९१वी. मग पाऊस आला, खेळ थांबला. त्या मैदानावर तेव्हा दिवे नव्हते, ते १९८८मध्ये आले. अंधार पडला आणि सामना ५-५ असा अर्धवट सुटला. खरा आकडा ४,१८९ धरला तर विक्रम त्या दुपारीच, पहिल्या हिटला मोडला होता. स्टँडमधल्या कुणालाही त्याची कल्पना नव्हती.

सोहळा झाला तो ११ सप्टेंबरला सिनसिनाटीत. ४७,२३७ प्रेक्षक, ४,१९२वी हिट. कॉब आपल्या आयुष्यात शेवटचा बॅट घेऊन उभा राहिला होता तोही दिवस ११ सप्टेंबरच होता, १९२८चा. न्यू यॉर्कमध्ये पिंच हिटर (बदली फलंदाज) म्हणून आलेल्या कॉबचा साधा झेल शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घेतला होता. बरोबर सत्तावन्न वर्षं. बेसबॉलमधल्या सर्वांत जास्त सांगितल्या जाणाऱ्या योगायोगांपैकी हा एक आहे, आणि तो उभा आहे त्या दोनदा लिहिलेल्या ओळीवर. ओळ खोडली असती तर तारीख ८ सप्टेंबर झाली असती आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

रूथच्या कारकिर्दीतल्या विक्रमी ७१४ होम रनची गोष्टही अशीच आहे, फक्त तिथे पारडं उलट बाजूला झुकलं. ८ जुलै १९१८ला बॉस्टनमध्ये दहाव्या डावात रूथने चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत मारला. फर्स्ट बेसवर एक खेळाडू होता आणि ०-० बरोबरी होती. तेव्हाच्या नियमाने विजयी धाव पूर्ण झाली की सामना संपे आणि फलंदाजाला त्या धावेपुरतेच बेस मिळत. म्हणून होम रनऐवजी ट्रिपल (तीन बेसचा फटका) लिहिला गेला. १९२०मध्ये नियम बदलला. संगणकावर तयार होणाऱ्या पहिल्या मोठ्या नोंदकोशासाठी १९६८मध्ये एक समिती नेमली गेली. तिने १९२०पूर्वीचे असे ३७ फटके होम रन धरायचं ठरवलं आणि रूथचे ७१५ झाले. आरडाओरडा झाला. मे १९६९मध्ये समितीने निर्णय फिरवला आणि रूथ पुन्हा ७१४वर आला. माझ्या मते हे योग्य झालं. त्या दिवशी नियमच तसा होता, कुणाची लिहिण्यात चूक झाली नव्हती.

त्यामुळेच ८ एप्रिल १९७४ला अटलांटात ॲरनचा ७१५वा होम रन हा विक्रमाचा ठरला. त्या रात्री ॲरनच्या पाठीवर ४४ क्रमांक होता आणि चेंडू टाकणाऱ्या अल डाउनिंगच्याही पाठीवर ४४. कारकिर्दीत चार हंगामांत ॲरनने बरोबर ४४ होम रन मारले होते. समिती आपल्या पहिल्या निर्णयावर ठाम राहिली असती तर विक्रमासाठी ७१६वा लागला असता, आणि त्या फटक्याच्या वेळी समोर कोण उभं असतं कोण जाणे.

याच समितीने कोणत्या लीग ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, मानायच्या हेही ठरवलं होतं. कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीग्जचा त्यात विचारही झाला नाही. १९२० ते १९४८ या काळातल्या त्या लीग्जना ‘मेजर’ दर्जा मिळाला तो डिसेंबर २०२०मध्ये, आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले मे २०२४मध्ये. विली मेजच्या ३,२८३ हिट्स एका दिवसात ३,२९३ झाल्या, १९४८मध्ये बर्मिंगहॅमकडून मारलेल्या दहा मिळून. आणि जॉश गिब्सन, जो जानेवारी १९४७मध्ये, जॅकी रॉबिन्सन आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून मेजर लीगमध्ये उतरण्याच्या तीन महिने आधी वारला, तो कारकिर्दीच्या सरासरीत सगळ्यांच्या वर गेला. जाहीर झालेल्या तक्त्यात गिब्सन ०.३७२ आणि त्याच्याखाली कॉब ०.३६७. दुरुस्त हिशेबात कॉबचा आकडा ०.३६६ येतो.