लेकराची पापणी जन्मापासून पडलेली असेल तर कोणतं ऑपरेशन?

माझ्या मावसबहिणीचं लेकरू, जिंतूरकडं राहतात ते, टीव्ही बघताना सारखं हनुवटी वर करायचं अन् सगळे म्हणायचे किती ऐटीत बघतंय, पण ऐट नव्हती ती, दोन्ही पापण्या बुबुळावर उतरलेल्या होत्या आणि बिचारं खालच्या फटीतून बघायसाठी मान मागं टाकत होतं. आजी म्हणायची गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं. तसं काही नसतं. पापणी उचलणारा लिव्हेटर नावाचा स्नायू पोटातच नीट तयार होत नाही, त्याच्या धाग्यांच्या जागी चरबी अन् तंतू असतात, म्हणून तो नीट आकसत नाही आणि सैलही पडत नाही. एकाच डोळ्याला असेल तर लेकरू खाली बघताना तीच पापणी दुसरीपेक्षा वर राहते, घरी बघा.

एकाच डोळ्याला असेल तर मला जास्त काळजी वाटते. चांगल्या डोळ्यावर काम भागतं, लेकरू हनुवटीही वर करत नाही, आणि झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही, त्याला आळशी डोळा म्हणतात, सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं फार अवघड. बाहुली झाकलेली असेल तर पहिल्या वर्षातही ऑपरेशन करतात, नसेल तर ३ ते ५ वर्षांपर्यंत थांबता येतं, पण नंबर अन् नजर तपासत राहायची.

आता ऑपरेशन कोणतं हे ठरतं मिलिमीटरवर. डॉक्टर भुवई अंगठ्यानं दाबून धरतात, खाली बघ वर बघ म्हणतात आणि पट्टीनं मोजतात पापणी किती हलली. चांगली पापणी १२ मिमीच्या पुढं हलते. साधारण ४ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर तोच स्नायू थोडा कापून आखूड करून परत शिवतात. अगदी थोडी पडलेली असेल तर पापणीच्या आतल्या बाजूनं छोटं ऑपरेशन असतं, १९६१ पासून चालत आलेलं.

पापणी ४ मिमीपेक्षा कमी हलत असेल तर स्लिंग. आपल्याकडं विहिरीवर मोट होती ना, बैल नाडा ओढायचे अन् मोट वर यायची, तसंच, इथं बैल म्हणजे कपाळाचा स्नायू आणि नाडा टाकायचा भुवईपासून पापणीपर्यंत, मग भुवई उचलली की पापणी उचलते. नाडा कशाचा, हा खरा प्रश्न. मांडीतली पट्टी, फॅशिया लाटा, अंगाचीच असते म्हणून जास्त टिकते, पण मांडीवर चीर येते आणि तीन-चार वर्षांच्या आतल्या लेकराच्या मांडीत तेवढी लांबी मिळत नाही. सिलिकॉनची दोरी लहानपणी टाकता येते, कमीजास्त करता येते, काढताही येते, पण पापणी परत खाली यायची शक्यता जास्त. बहिणीच्या लेकराला दोन वर्षांचं असताना सिलिकॉनच टाकलं, माझ्या मते बरोबरच केलं, नजर वाचवायची होती, मांडीची पट्टी लागली तर नंतर बघता येईल.

कोणी सांगत नाही ते सांगतो, ऑपरेशननंतर झोपेत डोळा थोडा उघडा राहतो. बहीण पहिल्या रात्री घाबरून रडली होती. डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ नये म्हणून रात्री मलम लावायचं, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, आणि आळशी डोळा असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायचं काम ऑपरेशननंतरही चालूच राहतं.