निवाका ठसाचित्रे

निवाका हा जपानमधील एदो (आजचे तोक्यो) शहराच्या योशिवारा या गणिकावस्तीतला वार्षिक उत्सव. सोंगे घेऊन त्यात नाचणाऱ्या गेइशांची लाकडी ठशांनी छापलेली चित्रे ती निवाका ठसाचित्रे. चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यात, म्हणजे साधारण भाद्रपदाच्या सुमारास, नाकानोचो या मुख्य रस्त्यावरून नाचगाण्याच्या मिरवणुका निघत. एरवी या वस्तीचा दिमाख उंची गणिकांचा. गेइशा तिथे गाण्याबजावण्यापुरत्या. निवाकात मात्र रस्ता त्यांचाच असे. सिंहनृत्य करणारे, परदेशी पाहुणे, सुमो मल्ल अशी पुरुषी सोंगे त्या घेत आणि केसही पुरुषांसारखे बांधत.

या विषयावर कियोनागा आणि इतरांनीही चित्रे केली. परंतु सर्वांत लक्षात राहते ती किटागावा उतामारोची (मृत्यू १८०६) १७९० च्या दशकातील मालिका. तिचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो योशिवारातच जन्मलेला आणि वस्तीची माहितीपुस्तके विकून पुढे आलेला होता. कोणता चेहरा खपेल, हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. म्हणून चित्रावर सोंगाबरोबर गेइशेचे नावही येई. ही चित्रे बातमी आणि जाहिरात दोन्ही होती. त्यांना निव्वळ सौंदर्यचित्रे म्हणणे अपुरे आहे. पुढे त्याच दशकात सरकारने गणिकांखेरीज इतर स्त्रियांची नावे चित्रांवर छापण्यास मनाई केली.

चित्रकार फक्त रेखाटन देई. कोरणारा ते रानचेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा उठवी. प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळा ठसा लागे आणि ठशाच्या कोपऱ्यातील खाचेमुळे कागद नेमक्या जागी बसे. छापणारा कागदाच्या पाठीवर बारेन नावाची गोल चकती घासून रंग उतरवी. कपाळावरचे केस सुटेसुटे कोरणे हे सर्वांत अवघड काम. ते मुरलेल्या कारागिराकडेच जाई. चेहरा मात्र जवळजवळ कोरा कागदच. काही चित्रांची पार्श्वभूमी अभ्रकाच्या पुडीने चमकवलेली असे.

वनस्पतिजन्य रंग, विशेषतः निळा आणि जांभळा, उजेडाने लवकर उडतात. मूळ छटा त्यामुळे फार थोड्या प्रतींत दिसतात. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये जपानी ठसाचित्रांचा मोठा संग्रह दिला, तो कधीही प्रदर्शनात मांडू नये या अटीवर. उतामारोच्या चित्रांचे रंग ताजे पाहायचे तर अभ्यासक आज त्याच संग्रहाकडे वळतात.