चहाचे प्रकार आणि आरोग्य

'कॅमेलिया सायनेन्सिस' या सदाहरित झाडाच्या कोवळ्या पानांपासून तयार होणारे पेय म्हणजे चहा. दुकानात सफेद, हिरवा, ऊलाँग, काळा, पु-अर अशा नावांनी जे मिळते ते सगळे याच एका झाडाचे. त्याचे चिनी आणि आसामी असे दोन मुख्य वाण आहेत. चहाच्या प्रकारांमधला फरक मात्र पान खुडल्यानंतर त्याचे काय केले जाते यावर ठरतो. गवती चहा, जास्वंदीचा चहा, कॅमोमाइल यांना चहा म्हणायची पद्धत पडली असली, तरी ते वेगळ्या वनस्पतींचे काढे आहेत आणि त्यांचे गुणदोषही वेगळे आहेत. मराठी घरांत यात आणखी एक भर पडते. 'हिरवा चहा' म्हटले की कित्येकांच्या डोळ्यांपुढे परसात मोरीच्या पाण्यावर वाढलेले गवती चहाचे बेट येते. ग्रीन टीशी त्याचा रंगापलीकडे काही संबंध नाही.

पानाचे काय होते

पान चुरले की त्यातल्या पेशी फुटतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने कामाला लागते. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते ती हीच क्रिया. हिरव्या चहात ती सुरू होण्याआधीच मोडली जाते. जपानात पानांना वाफ देतात, चीनमध्ये ती तापल्या कढईत परततात. उष्णतेने विकर निकामी होते आणि पानातली कॅटेचिने ही पॉलिफिनॉल वर्गातली द्रव्ये बरीचशी शाबूत राहतात. त्यातले सर्वांत चर्चेतले म्हणजे ईजीसीजी. काळ्या चहात ही क्रिया पूर्ण होऊ देतात. कॅटेचिनांची थिआफ्लेविने आणि थिआरुबिजिने होतात, आणि चहाचा तांबूस रंग व तुरटपणा त्यांचाच. ऊलाँग या दोहोंच्या मधला. सफेद चहासाठी कोवळे कोंब नुसते सुकवतात. चीनचा फुजियान प्रांत त्याचे घर. युन्नानच्या पु-अरमध्ये सूक्ष्मजीवांकडून खरोखरची किण्वनक्रिया होते. काळ्या चहाला 'आंबवलेला' म्हणायची सवय मराठी लेखनात दिसते, पण तिथे काही आंबत नाही.

महाराष्ट्रात घरोघर उकळतो तो चहा बहुतेक सीटीसी पद्धतीचा, म्हणजे दाणेदार पुडीचा. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक गोळे करायची ही रीत 1930च्या दशकात आसामात सुरू झाली. दाणा बारीक असल्याने त्याचा अर्क पटकन आणि कडक उतरतो. दूध-साखर पेलायला असाच चहा लागतो. दार्जिलिंगच्या अख्ख्या पानाला हे ओझे झेपत नाही.

तरतरी कशाने येते

चहातले कॅफीन आणि कॉफीतले कॅफीन एकच. एकोणिसाव्या शतकात चहातल्या द्रव्याला आधी 'थेईन' असे वेगळे नाव मिळाले होते. काही वर्षांतच दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2024च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत चहाच्या एका कपात 30 ते 65 मिलिग्रॅम, तर 150 मिलीलिटर फिल्टर कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन धरले आहे. दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम सांगितली आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांना 400 मिलिग्रॅमपर्यंत मुभा देते, गर्भवतींना 200.

चहात याखेरीज थिअनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. जपानी शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये ते ग्योकुरो या सावलीत वाढवलेल्या चहातून वेगळे काढले. कॅफीनबरोबर घेतल्यास लक्ष टिकते आणि मन फार उत्तेजितही होत नाही, असे छोट्या प्रयोगांत दिसले आहे. दुपारी चार वाजता ऑफिसात चहा आला नाही की डोके दुखू लागते, त्यात मात्र थिअनीनचा हात नाही. ती कॅफीनची सवय मोडल्याची तक्रार असते.

दावे आणि पुरावे

चहा हे औषध आहे हा दावा जाहिरातदारांच्या फार आधीचा आहे. जपानी बौद्ध भिक्षू एइसाई याने 1211 मध्ये चहाने आयुष्य कसे जपावे यावर पुस्तकच लिहिले, आणि पुढे मद्यपानाने बेजार झालेल्या शोगुनाला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, चहाबरोबर ते भेट दिले. लंडनचा चहाविक्रेता टॉमस गारवे याने 1660 च्या सुमारास काढलेल्या पत्रकात डोकेदुखीपासून विस्मरणापर्यंत बरेच आजार चहाच्या खात्यावर मांडले होते.

आजचे पुरावे इतके उदार नाहीत, पण अगदी रिकामेही नाहीत. जपानच्या मियागी प्रांतात 40,530 प्रौढांची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज पाच किंवा अधिक कप हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले, स्त्रियांमध्ये विशेष. कर्करोगाच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. काळ्या चहाला अशी दाद मिळायला 2022 उजाडले. ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या नोंदींत रोज दोन किंवा अधिक कप पिणाऱ्यांचा मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्क्यांनी कमी होता, आणि हे लोक बहुतांशी काळा चहा, तोही दूध घालून पिणारे. अर्थात, ही निरीक्षणे आहेत. चहा पिणारी माणसे आणखी कोणकोणत्या बाबतींत वेगळी असतात हे आकडेमोडीतून पूर्णपणे वगळता येत नाही.

दुधाचा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. बर्लिनमध्ये 2007 साली 16 स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या, पण दूध घातल्यावर तो परिणाम दिसेना. दुधातले केसीन हे प्रथिन कॅटेचिनांना बांधून ठेवते असा निष्कर्ष निघाला. उलट, दुधामुळे रक्तात उतरणाऱ्या कॅटेचिनांत फरक पडत नाही असे सांगणारे प्रयोगही आहेत. तेव्हा 'दूध घातले की चहा विष' हे म्हणणे फार पुढचे झाले.

हिरव्या चहाने वजन उतरते, ही जाहिरातींची सर्वांत लाडकी ओळ. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2012 मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या तेव्हा हिरव्या चहाच्या अर्काने होणारी घट वैद्यकीयदृष्ट्या नगण्य निघाली. दुधा-साखरेचे चार कप सोडून कोणी हिरवा चहा धरला आणि वजन उतरले, तर श्रेय साखर सुटल्याला द्यायला हवे. अर्काच्या गोळ्यांचे प्रकरण तर वेगळेच आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिलेल्या मतानुसार, पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी घेतल्यास यकृतावर ताण आल्याच्या खुणा दिसतात. कपाने पिणाऱ्याला ही भीती सहसा नाही.

आपला कप

मराठी घरातल्या चहाचा हिशेब करायचा तर सुरुवात साखरेपासून करावी. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप म्हणजे आठ चमचे, म्हणजे 35 ते 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना बाहेरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. बिस्किटे, खारी, शिरा यांच्याआधीच ही मर्यादा ओलांडली जाते. गुळाच्या चहाच्या पाट्या गेल्या काही वर्षांत गावोगावी लागल्या आहेत. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ ही साखरच. मधुमेही माणसाने 'माझा गुळाचा करा' म्हणून स्वतःचे समाधान करून घेऊ नये. 'बिनसाखरेचा' एवढा एक शब्द त्याला जास्त उपयोगी पडेल.

वेळेचा मुद्दा साखरेइतकाच मोठा आहे आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. चहातले टॅनिन वर्गातले पदार्थ वनस्पतिज अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून ते शोषू देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण निम्म्याहून जास्त घटल्याचे प्रयोग आहेत. आपला नाश्ता पाहा. कांदेपोह्यांवर लिंबू पिळतात ते चांगलेच, कारण क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. आणि त्याच बशीशेजारी वाफाळता चहा ठेवून ती मदत बरीचशी काढून घेतली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्तक्षयाला कारणे अनेक आहेत, पण लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर गिळणारी बाई आपल्याच औषधाचा परिणाम कमी करत असते. 2024च्या सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे, ते याचसाठी.

रिकाम्या पोटी चहाने अनेकांचे पित्त उसळते. कॅफीनने जठरातले आम्ल वाढते, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैलावून ते वर येऊ शकते. पुण्याच्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात चहा, दूध, साखर एकत्र कढत ठेवतात, वर खलबत्त्यात कुटलेले आले-वेलदोडे, आणि मग फडक्यातून गाळतात. हा चहा चवीला लाजवाब, पण खूप उकळल्याने तुरटपणा आणि टॅनिनही भरपूर उतरतात. नाजूक पोटाच्या माणसाने तो काहीतरी खाऊन प्यावा. आल्याबद्दल एक घरगुती खुलासा: आले दुधानंतर कच्चे घातले तर चहा नासतो, कारण आल्यातले प्रथिन फोडणारे विकर दुधावर काम करते. आधणात आधी उकळले की ते विकर नष्ट होते.

बशीचा उल्लेख इथे करायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये 'बहुधा कर्करोगकारक' ठरवली. धोका अन्ननलिकेला, आणि दोष चहाचा नव्हे, उष्णतेचा. इराणच्या गोलेस्तान भागात अतिगरम चहा पिणाऱ्यांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळले आहे. बशीत ओतून फुरके मारणाऱ्या आजोबांना शिष्टाचाराच्या नावाखाली टोकले जाई. पसरट बशीत चहा झटकन निवतो, तेव्हा त्यांच्या अन्ननलिकेची सोय उत्तम होती.

काढे आणि औषधे

गवती चहा, तुळस, सुंठ यांच्या काढ्यात कॅफीन नसते, ही त्यांची रात्री उपयोगी पडणारी बाजू. आल्याने मळमळ कमी होते याला बऱ्यापैकी पुरावा आहे. लाल जास्वंदीच्या आंबट जातीच्या, म्हणजे अंबाडीकुळातल्या रोझेलच्या चहाने रक्तदाब थोडा उतरतो असे चाचण्यांत दिसते. ज्येष्ठमधाचे उलटे: रोज भरपूर घेतल्यास पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो, म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने घसा बसला तरी ज्येष्ठमधाचा काढा आठवडेच्या आठवडे घेऊ नये.

हिरवा चहा नॅडोलोल या रक्तदाबाच्या गोळीचे शोषण बरेच घटवतो, आणि फार मोठ्या प्रमाणात घेतल्यास वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या कामात अडथळा आणू शकतो. थायरॉइडची सकाळची गोळी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्धा-एक तास थांबवावा. स्वस्त विटांसारख्या दाबून केलेल्या चहात जून पाने व देठ असल्याने फ्लोराइड जास्त असते. तिबेटमध्ये असा चहा दिवसभर पिणाऱ्यांत फ्लोरोसिस हा दात-हाडांचा विकार आढळतो.

सुटी पूड घेताना भेसळीची एक सोपी चाचणी घरी होते. टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून त्यावर पाणी शिंपडावे, मग पूड झटकून कागद उजेडात धरावा. चहा शुद्ध असेल तर फिकट डाग दिसतात. रंग दिलेला असेल तर कागदावर तांबडे-तपकिरी ओघळ उमटतात.