यंत्राला अहिराणी येत नाही, तरी गाणं पोचतं

लग्नसराईत धुळ्यात एखादं नवं अहिराणी गाणं यूट्यूबवर येतं आणि बघता बघता सुरतच्या उधना-लिंबायत भागात वाजू लागतं. पोटापाण्यासाठी तिकडे गेलेली खान्देशातली कितीतरी घरं तिथे आहेत. पण गाणं त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला त्यातली एक ओळही समजावी लागत नाही. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

यंत्रणा बघते ती माणसांची वागणूक. नुसत्या व्ह्यूजपेक्षा लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात याला यूट्यूबने 2012 पासून जास्त वजन दिलं. पुढची रीत गूगलच्या अभियंत्यांनी 2016 च्या शोधनिबंधात मांडली आहे. लाखो व्हिडिओंतून आधी काहीशे वेचायचे, मग त्यांची क्रमवारी लावायची. वेचताना प्रत्येक प्रेक्षकाची आणि प्रत्येक व्हिडिओची आकड्यांची एक लांबलचक यादी तयार होते. ज्यांचं पाहणं सारखं, त्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात. शिरपूरच्या पोराने आणि लिंबायतच्या मावशीने तीच चार गाणी शेवटपर्यंत ऐकली असली, की त्याने ऐकलेलं पाचवं गाणं तिच्याही मोबाइलवर येण्याची शक्यता वाढते. गाण्यातले शब्द काय सांगतात, हे कुणी विचारलेलंच नसतं.

जाहिरातीचं गणितही अशाच आकड्यांवर उभं आहे. पेपरातली जाहिरात जळगावात सगळ्यांना एकच दिसायची. मोबाइलवर मात्र पान उघडता उघडता, सेकंदाच्याही अंशात, त्या एका माणसासाठी लिलाव होतो. बुऱ्हाणपूरला केळीचा लिलाव होतो तसाच हा, फक्त इथे चढी बोली लावणारा जिंकेलच असं नाही.

समजा, एका सराफाने दर क्लिकला 10 रुपये लावले आणि भरीत विकणाऱ्या एका ताईंनी 6 रुपये. हा माणूस सराफाच्या जाहिरातीवर बोट ठेवण्याची शक्यता यंत्राने शंभरात 1 धरली, भरताची शंभरात 3. आता गुणाकार करा: सराफाचे 10 पैसे, ताईंचे 18. जागा ताईंना मिळते. खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, जाहिरातीचा दर्जाही त्यात धरतात; पण गाभा हाच. डिसेंबरच्या थंडीत कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी आणि शेजारी कळण्याची भाकरी दिसली, की खान्देशी माणसाचं बोट थांबणारच. बेताच्या पैशांत छोट्या धंद्याला मोठ्या दुकानापुढे जाता येतं, ही या बदलातली खरोखर चांगली बाजू आहे.

दुसरी बाजू काळजीची आहे. याच दुकानांच्या छोट्या जाहिरातींवर जिल्ह्याच्या पेपरांचा आणि तालुक्याच्या वार्ताहरांचा मोठा आधार होता. तो पैसा आता कंपन्यांकडे जातो. व्हिडिओच्या जाहिरातीतला वाटा गाणं करणाऱ्याला मिळतो, पण चोपड्याच्या नगरपालिकेची सभा ऐकायला कोण बसणार? शेवटपर्यंत पाहिलं जाण्याच्या कसोटीवर ती बातमी लग्नाच्या गाण्यापुढे टिकत नाही, आणि गावाला तर तिची गरज असते.

भाषेचाही एक पेच आहे. 2011 च्या जनगणनेत खान्देशी भाषागटात (अहिराणी यातच मोजतात) सुमारे 18 लाख 60 हजार लोकांची नोंद आहे. तरी गूगलवर जाहिरात देताना भाषांच्या यादीत मराठी सापडते, हिंदी सापडते, अहिराणी सापडत नाही. म्हणजे गाणं पोचवणाऱ्या आकड्यांत हा प्रेक्षक वेगळा उठून दिसतो, आणि जाहिरातदाराच्या यादीत त्याला नावच नाही.

तोवर वाट नकाशातून काढावी लागते. भाषेची अट सैल ठेवायची, धुळे, नंदुरबार, जळगाव हे जिल्हे निवडायचे, सुरतेत उधना-लिंबायतभोवती काही किलोमीटरचं वर्तुळ आखायचं, आणि व्हिडिओत मात्र बिनधास्त अहिराणीत बोलायचं. ऐकणारे थांबले, की पुढची जाहिरात कुणाला दाखवायची हे आकडे आपोआप शिकतात.