सोपी चिनी अक्षरं आणि पिनयिन: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

कम्युनिस्ट राजवटीत चीनने लिपी सोपी केली आणि पेकिंगचं बीजिंग झालं, असं आपल्याकडे एका दमात सांगितलं जातं. खरं तर या दोन सुधारणा आहेत. सोपी अक्षरं १९५६ साली जाहीर झाली, तर पिनयिनला, म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धतीला, १९५८ साली मंजुरी मिळाली. निरक्षरता हटवणं हा दोन्हींमागचा मोठा हेतू होता, त्यामुळे घोटाळा होतो. पण पहिलीने अक्षराचं रूप बदललं, दुसरीने फक्त त्याचा उच्चार रोमन लिपीत लिहून दाखवला.

आधी रूपाचं बघू. घोड्याला चिनी शब्द आहे 'मा'. त्याचं जुनं अक्षर दहा रेघांचं, नवं तीन रेघांचं. याच घोड्याशेजारी बाईचं चिन्ह काढलं की 'आई' होते. तिचाही उच्चार 'मा', सूर तेवढा वेगळा. घोडा हलका झाला तशी आईही तेरा रेघांवरून सहावर आली. एका अक्षराला कात्री लावली की अशी कितीतरी अक्षरं सुटसुटीत होतात. काही ठिकाणी मात्र अर्थाचा धागा तुटला. 'ऐकणे' या अक्षरात पूर्वी कान होता, आता तिथे तोंड आहे. 'प्रेम' या अक्षरातलं हृदय गेलं. हे मला मनापासून खटकतं.

ही सगळी रूपं सरकारने नव्याने घडवलेली नव्हती. बरीचशी भरभर लिहिताना आधीपासूनच वापरात होती; आपल्याकडे मोडीत अक्षरं वळतात, तशी. १९३५ साली, कम्युनिस्टांच्या आधीच्या प्रजासत्ताक सरकारनेही ३२४ सोप्या अक्षरांची यादी काढून पुढच्याच वर्षी मागे घेतली होती. कम्युनिस्टांनी १९७७ मध्ये दुसरा हप्ता आणला, तो लोकांच्या पचनी पडला नाही आणि १९८६ मध्ये रद्द झाला.

पिनयिन घडवणाऱ्यांत आघाडीवर होते चौ योउक्वांग. मूळचे अर्थतज्ज्ञ, न्यूयॉर्कमध्ये बँकेत काम केलेले. १११ वर्षं जगले. अक्षरं जाऊन रोमन लिपी येणार, अशी धास्ती तेव्हा अनेकांना होती. पंतप्रधान चौ एन लाय यांनी १९५८ च्या जानेवारीतच स्पष्ट केलं, की पिनयिन अक्षरांची जागा घेणार नाही. ते उच्चार दाखवण्यासाठी आणि प्रमाण बोली पसरवण्यासाठी आहे. आजही पहिलीच्या पुस्तकात अक्षरांच्या डोक्यावर बारीक पिनयिन छापलेलं असतं.

मराठी माणसाला इथे एक गंमत सहज कळेल. पिनयिनमधला रोमन 'बी' म्हणजे आपला 'प', आणि रोमन 'पी' म्हणजे 'फ'च्या जवळचा, श्वास सोडून म्हटलेला 'प'. म्हणजे बीजिंगचा चिनी उच्चार 'पेइचिंग'. आपल्या जुन्या पुस्तकांतलं 'माओ त्से तुंग' हे रूपही आताच्या 'झेडाँग'पेक्षा मूळ उच्चाराच्या जास्त जवळचं आहे. त्या माणसाचं नाव बदललंच नाही, रोमन स्पेलिंग बदललं आणि आपण ते इंग्रजी वळणाने वाचलं.

साक्षरतेचं श्रेय सोप्या अक्षरांना सरसकट देणं मला पटत नाही. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनीच अक्षरं चालतात, आणि तिथली माणसं उत्तम साक्षर आहेत. शाळा गावोगाव पोहोचणं हे खरं कारण, आणि शिकताना उच्चाराचा आधार मिळणं हे दुसरं.

दोन्ही सुधारणा किती स्वतंत्र आहेत हे फोनवर लगेच दिसतं. पिनयिनचा कीबोर्ड घेऊन 'एम' आणि 'ए' दाबा. आपण रोमनमधून मराठी टाइप करतो तेव्हा बहुधा एकच शब्द हवा तसा उमटतो. इथे आई, घोडा, रागावणे, ताग अशी 'मा'ची रांगच उभी राहते आणि त्यातून निवडावं लागतं. मग सेटिंगमध्ये जाऊन पारंपरिक अक्षरं निवडा. बोटं तीच दोन बटणं दाबतात, पण आता घोडा दहा रेघांचा येतो.