पिकअप पांढरा धूर टाकतेय? हेड खोलायला हो म्हणण्याआधी हे वाचा

पांढरा धूर दिसला की चहाच्या टपरीवरच निकाल लागतो, "हेड गेलं," म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (सिलिंडर हेड) बिघडला. कधी कधी ते खरंही असतं. पण हेड गेलं म्हणून टोचन करून आमच्याकडे आणलेल्या कितीतरी गाड्या हीटर प्लग (थंड इंजिनात हवा तापवणारा) नाहीतर नोझलचं (डिझेल फवारणारं) काम करून आपल्या चाकांवर परत गेल्या आहेत. हेड एकदा खोललं की गॅस्केट (हेडखालचं सील), फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि मजुरी आलीच, शिवाय गाडी उभी राहते ती वेगळी. म्हणून आधी तीन गोष्टी बघा: धूर कधी येतो, वास कसला येतो आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी होतंय का.

गड्डा यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या थंडीत, पहाटे गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पांढरं काहीतरी निघतं आणि दोन-चार मिनिटांत विरून जातं. ती वाफ आहे, रात्री सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी. त्यासाठी आमच्याकडे येऊ नका. मात्र मे महिन्यात, पारा ४२ वर असताना, तापलेलं इंजिन भर दुपारी पांढरं सोडत असेल तर थंडीला दोष देता येणार नाही.

वास डिझेलचा असेल तर

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळं ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. हवा पुरेशी तापली नाही, किंवा डिझेल उशिरा नाहीतर थेंब-थेंब पडलं, तर ते न जळताच बारीक तुषार होऊन बाहेर येतं. या धुरानं डोळे चुरचुरतात. मार्केट यार्डात कांद्याच्या रांगेत रात्र काढलेली गाडी सकाळी ढकढक करत, धूर ओकत चालू झाली आणि तापल्यावर शहाणी झाली, तर पहिला संशय हीटर प्लगवर. चारपैकी एखादा मेला तरी पुरतं. तो मीटर लावून तपासता येतो, हेडला हात लावावा लागत नाही.

तापल्यावरही धूर आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट न पेटणं) राहिलं तर नोझल, पंपाचं टायमिंग, फिल्टरमधलं पाणी, लायनीतली हवा, असं एकेक बघावं लागतं. ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पावसाळ्यात वापरत असाल तर फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आधी सैल करून बघा. इंजिन बंद ठेवा आणि खाली भांडं धरा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी झालं असेल तर मात्र खर्च मोठा, ते आम्ही मोजूनच सांगतो.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. जुन्या पंपाच्या गाडीत मेकॅनिक एकेक नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर झोपलाय ते ओळखायचे. सीआरडीआय (एकाच पाइपात जोरात दाबलेलं डिझेल सगळ्या नोझलना देणाऱ्या) गाडीत हे कुणालाही करू देऊ नका. त्या लायनीत हजार बारच्या वर प्रेशर असतं. सुटलेली धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते, आणि बोट गमवायची वेळ येऊ शकते.

वास गोडसर असेल आणि कुलंट कमी होत असेल तर

मग हेड गॅस्केटचं नाव घ्यायला हरकत नाही. धूर दाट असतो, तापल्यावरही थांबत नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. सारखे बुडबुडे येत राहिले, तापमानाचा काटा वर चढत असला, किंवा ऑइलची पट्टी ओढल्यावर चहासारखं दुधाळ काही दिसलं, तर गाडी बंद करून आम्हाला फोन करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं कुलंट तोंडावर उडतं.

रात्रीत कुलंट उतरलं आणि सकाळी सेल्फ 'टक्' करून अडला, तर पुन्हा सेल्फ मारू नका आणि धक्का तर मुळीच देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

पण कुलंट जातंय म्हणजे हेडच, असंही नाही. आम्ही स्वतः एकदा घाईनं हेड उतरवलं. गॅस्केट ठणठणीत निघाली, पाणी ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून) जात होतं. त्या मजुरीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. तेव्हापासून कुलंट सिस्टीमला प्रेशर लावून बघितल्याशिवाय हेडच्या बोल्टला पाना लावत नाही.

आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, इंजिन तापतं, हेड वाकतं. विजापूर रोडला भर उन्हात काटा चढला की जवळ असेल ते पाणी घालावं लागतं, हे आम्हालाही समजतं. पण गाव गाठल्यावर ते काढून कुलंट भरून घ्या.

टॉवेलचा तुकडा

सोलापुरात पांढऱ्या टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नाही. एक तुकडा काठीला बांधून सायलेन्सरपासून हातभर लांब अर्धा मिनिट धरा. थोडी काजळी लागेलच. नुसता ओला होऊन तेलकट डाग न पडता वाळला तर पाणी, तेलकट राहून डिझेलचा वास मारला तर न जळलेलं डिझेल. धूर निळसर असून तुकड्यावर ऑइलचा डाग पडला तर हा कागद तुमच्या कामाचा नाही, रिंग-पिस्टन किंवा टर्बो बघावा लागेल. हे मोकळ्या जागेत करा, शटर लावलेल्या गाळ्यात नको.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करतानाही थोडा वेळ फिकट धूर आणि जळका वास येतो. तेवढ्यात घाबरून गाडी बंद करू नका, साफसफाई अर्धवट राहते.

आमच्याकडे आणताना

तपासणीचे पैसे वेगळे घेतो, काम इथंच केलं तर ते बिलात वळते करतो. काढलेला पार्ट तुमच्या हातात देतो. गाडी आदल्या रात्रीच आणून लावा आणि चावी देऊन जा. गरम इंजिन घेऊन आलात तर निम्मा पुरावा रस्त्यातच विरलेला असतो, म्हणून सकाळचा पहिला सेल्फ आम्हालाच मारू द्या.